क्रूस कुठून आला

उत्तरतालिका सकाळी नऊला येणार होती, ती आली पावणेअकराला. तोवर अंजूने बापाच्या हाताखाली मेंढरांभोवतीची रात्रीची जाळी सोडवून गुंडाळून ठेवली होती, आणि बांधावर बसून फोनचा पडदा खाली ओढून ओढून तिचा अंगठा दुखायला लागला होता. तूर निघालेलं ते रान राधाकिशन आबाचं. खतासाठी आठ रात्री कळप बसवायचा ठरला होता आणि त्यातल्या सहा झाल्या होत्या.

प्रयोगशाळा सहायकाची परीक्षा. शंभर प्रश्न, प्रत्येकाला दोन गुण. विज्ञानाचे प्रश्न अंजूने भराभर तपासले. अंबाजोगाईच्या कॉलेजात प्राणिशास्त्र घेऊन ती बी.एस्सी. झालेली, तिथे दोनच चुकले होते. मग मराठीचा भाग आला आणि सदतिसाव्या प्रश्नावर तिचा अंगठा थांबला.

‘क्रूस’ हा शब्द मराठीत कोणत्या भाषेतून आला? तिने लिहिलं होतं पोर्तुगीज. तालिका म्हणत होती, इंग्रजी.

एरवी तिने एक चूक म्हणून सोडून दिली असती. पण बेरीज झाली दीडशे, आणि तेवढ्यात अभ्यासाच्या गटावर मोहिनीचा आकडा आला, एकशे बावन्न. सिदूकाकाची मोहिनी, तिच्याच वर्गातली, तिच्याच बाकावरची. बाकीच्यांचे आकडे या दोघींच्या खाली लांब राहिले. दोघींच्या प्रवर्गातल्या मुलींसाठी जिल्ह्यात जागा होती एक. मोहिनीने सदतिसाव्याला काय लिहिलं असेल हे अंजूला विचारायची गरज नव्हती. परळीपासून बीडपर्यंत सगळी पोरं एकच गाईड पाठ करत होती, आणि त्या गाईडात परकीय शब्दांच्या यादीत ‘क्रूस’ कप आणि टेबलाच्या शेजारी छापलेला होता. पेपर काढणाऱ्यानेही बहुधा तेच उघडलं असावं. म्हणजे हा एक प्रश्न फिरला तर अंजूचे एकशे बावन्न होणार होते आणि मोहिनीचे दीडशे.

आपण पोर्तुगीज का लिहिलं, हे तिने स्वतःशी पुन्हा तपासून पाहिलं. परीक्षेत तिने अंदाज केला नव्हता. दोन नमुने शेजारी ठेवून फरक बघायचा, ही तिची तीन वर्षांची सवय. इंग्रजीतला शब्द क्रॉस. तो मराठीत आला तेव्हा क्रॉस म्हणूनच आला. रस्ता क्रॉस करतात, गायीला क्रॉसची म्हणतात. इंग्रजीने हा शब्द एकदा दिलाय, तर तोच पुन्हा वेगळा उच्चार घेऊन कशाला येईल? दुसरं, बटाटा, पाव, चावी, पगार हे सगळे किनाऱ्यावरून आत आलेले शब्द पोर्तुगीजांचे, आणि त्यांच्या जहाजांतून पाद्रीही आले होते. ही वस्तू तर पाद्र्यांचीच.

तर्क पक्का होता. पण हरकत नोंदवायच्या सूचनेत लिहिलं होतं की प्रमाण ग्रंथाचं पान आणि त्याचं मुखपृष्ठ जोडल्याशिवाय हरकत वाचलीही जाणार नाही. गाईडं चालणार नाहीत. मुदत उद्या संध्याकाळी पाच.

तिच्या बापाने, आप्पारावाने, तिचा चेहरा पाहिला आणि काय झालं म्हणून विचारलं. तिने सगळं सांगितल्यावर त्याने पहिली गोष्ट ही विचारली की क्रूस म्हणजे काय. अंजूने काडीने मातीत काढून दाखवलं.

“ही तर आपली फुली,” तो म्हणाला. त्याच्या प्रत्येक मेंढरावर पाठीला लाल रंगाची फुली होती, शेजारच्या कळपातून ओळखू यावं म्हणून.

“तुमची तिरपी हाय दादा. ही उभी. ख्रिश्चन लोक गळ्यात घालतात ती.”

हे चाललेलं असतानाच राधाकिशन आबाची मोटरसायकल बांधावर आली. पंचायत समितीत दोनदा निवडून आलेला माणूस, रान बघायला आला तरी चार माणसांची कामं ऐकून जायची त्याला सवय. आप्पारावाने त्याला सगळी हकीकत सांगितली, आणि आबा हसला.

“आरं, मंग त्यात काय एवढं? वर आपला माणूस हाय. दुपारी फोन लावतो. पुस्तकं कशाला धुंडाळायलीस पोरी?”

आप्पारावाचे हात नकळत जुळले. लई उपकार होतील, असं काहीतरी तो पुटपुटला. अंजू उठून उभी राहिली.

“आबा, फोन नका लावू.”

“कावून?”

ती आबाकडे न बघता बापाकडे वळली. “दादा, मागल्या साली आपल्या अन् सिदूकाकाच्या कोकराचा वाद झालता. तवा काय केलं तुमी?”

 काय केलं होतं ते तिघांनाही माहीत होतं. दोन कळप एका माळावर चरले की नुकतं जन्मलेलं, अजून खूण न केलेलं कोकरू कुणाचं यावर वाद होतोच. मग दोन्ही घरची माणसं समोरासमोर बसतात. कोकरू मध्ये सोडतात. दोन्हीकडच्या मेंढ्या उभ्या असतात आणि कोकरू वासाने आपल्या आईकडे जातं. तोवर कुणी ओरडायचं नाही, चुचकारायचं नाही, चारा दाखवायचा नाही. ज्याने हाक मारली त्याचा हक्क गेला, मग कोकरू त्याचंच असलं तरी.

“कोकराचं येगळं अन् नोकरीचं येगळं असतंय,” आबा म्हणाला.

“आज तुमी माझ्यासाठी हाक मारली, तर उद्या तुमी हाक माराल तवा मला यावं लागंल.”

आबाने तिच्याकडे क्षणभर नीट पाहिलं, मग आप्पारावाकडे. लई शिकली तुझी पोरगी, एवढं बोलून त्याने मोटरसायकल सुरू केली. तो रागावला की खूश झाला हे काही कळलं नाही. त्याच्या रानातल्या अजून दोन रात्री बाकी होत्या, याची काळजी आप्पारावाच्या कपाळावर दिसत होती.

मोटरसायकल दूर जाईपर्यंत आप्पाराव तिकडे बघत होता. मग म्हणाला, “सिदूच्या पोरीला सांगितलं का?”

“तिला कशाला? हरकत कुणीबी घेऊ शकतं.”

“कोकरू सोडताना दोन्ही घरं समोर लागतात. एकट्यानं सोडलेलं धरत न्हाईत.” आणि तो काठी घेऊन मेंढरांकडे गेला.

अंजूला हे नको होतं. आबाला उत्तर देताना तिने जो नियम पुढे केला, तो आता तिच्याच पायात आला होता. कागदोपत्री तिला कुणाला काही सांगायची गरज नव्हती. पण अर्धा नियम पाळायचा आणि अर्धा सोडायचा, हे तिला जमेना. ती चालत गावात गेली.

मोहिनीच्या ओट्यावर दोन बायका अभिनंदन करून नुकत्याच उठल्या होत्या. परातीत साखर होती. मोहिनीने चिमूटभर अंजूच्या हातावर ठेवली आणि तुला किती आले म्हणून विचारलं. अंजूने आकडा सांगितला, मग सदतिसावा प्रश्न सांगितला, मग हरकतीचं. साखर हातातच चिकट झाली.

“म्हणजे माझी जागा काढायची, अन् मला सांगून काढायची,” मोहिनी म्हणाली. “चांगलंय. चोर बी दार वाजवून यायला लागले.”

“जागा अजून कुणाचीच न्हाई.”

“तुझं बरोबर हाय हे कशावरून? गाईडात तर इंग्रजी हाय.”

“गाईड चुकलंय.”

“सगळं गाईड चुकलं अन् तू एकटी बरोबर.”

“म्हणून तर उद्या अंबाजोगाईला चाललेय. लायब्ररीत बघते. इंग्रजी निघालं तर गप बसते.”

मोहिनीने परात आत नेऊन ठेवली. बाहेर आली तेव्हा तिचा आवाज बदलला होता. “मीबी येते. तू एकटी पानं उलटलीस तर तुला पाहिजे तेच दिसंल.”

सकाळी सातच्या एसटीत दोघी शेजारी बसल्या आणि अंबाजोगाईला उतरून थेट कॉलेजात गेल्या. कॉलेजातले ग्रंथपाल गहिनीनाथ सर दोघींना ओळखत होते. त्यांनी दोघींना एकत्र पाहून चहा मागवला. काय शोधायचंय ते ऐकल्यावर मात्र त्यांनी चहा बाजूला ठेवला आणि स्वतः कपाटाकडे गेले.

पहिल्या कोशात क्रूस होता. ख्रिस्ती धर्माचे चिन्ह, वधस्तंभ. एवढंच. शब्द कुठून आला ते नव्हतं. मोहिनीने बोटाने ती ओळ दाबून धरली. “इथं कोणतीच भाषा न्हाई.”

“ह्यात कोणत्याच शब्दाची न्हाई,” अंजू म्हणाली. “बाकीचे बघ.”

मोहिनीने खरोखरच दहा-बारा शब्द उलटून पाहिले आणि मान डोलावली. दुसरा कोश अनेक खंडांचा होता आणि त्यात व्युत्पत्ती होती, पण क्रूस ज्या खंडात यायला हवा तोच बांधणीला गेला होता. कधी येणार हे गहिनीनाथ सरांनाही सांगता येईना. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून गेले होते. मग त्यांना आठवलं की दवाखान्यामागच्या गल्लीत मनिषा सिस्टर राहतात. त्यांचे वडील या भागात पाळक होते, म्हणजे चर्चची सेवा बघणारे, आणि त्यांना कोशांचा नाद होता. पुस्तकं अजून घरात असतील तर असतील.

दोघी उन्हातून चालत निघाल्या. मोहिनी पुढे, अंजू मागे. अंजूला कळत होतं की तिथे काही सापडलं नाही तर मोहिनी काही न करता जिंकणार. मोहिनीलाही ते कळत होतं. तरी पुढे तीच चालत होती.

मनिषा सिस्टरांना नर्सच्या नोकरीतून निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती. त्या पडवीत हरभऱ्याचे घाटे सोलत बसल्या होत्या. दोघींचं ऐकून घेताना त्यांचे हात थांबले नाहीत. गळ्यात बारीक साखळीला लहानसा क्रूस होता.

“आमच्या शास्त्रात, म्हणजे बायबलात, छापलेला शब्द वधस्तंभ,” त्या म्हणाल्या. “बाबा सांगायचे, तो भाषांतर करणाऱ्यांनी टेबलावर बसून घडवला. वाचणाऱ्याला कळावं की ही वस्तू माणूस मारायची आहे. त्यात चूक काहीच नाही. रोमन लोक गुलामांना, बंडखोरांना त्यावर टांगायचे. पण गाण्यात, घरात, आम्ही क्रूसच म्हणतो. तो कुणी घडवला नाही. तो माणसांच्या तोंडून आला.”

“कुणाच्या?” मोहिनीने लगेच विचारलं.

“पोर्तुगीज पाद्र्यांच्या. ते क्रूझ म्हणायचे. त्यांच्याकडे आला लॅटिनमधून, तिथे क्रुक्स. बाबांनी हे मला दहादा सांगितलंय.”

“अन् इंग्रजीतला?”

“तोही मूळचा लॅटिनचाच म्हणतात.”

मोहिनी अंजूकडे वळली. “ऐकलंस? मूळ एकच हाय. मग इंग्रजी लिहिलं तर चुकलं कुठं?”

अंजूने घाई केली नाही. प्रश्न बरोबर होता आणि त्याला उत्तर द्यायला हवं होतं. “आज्जी एकच हाय,” ती म्हणाली. “पण मराठीत कुणाच्या कडेवर बसून आला, हे विचारलंय. इंग्रजीच्या कडेवर बसून क्रॉस आला. तो आपल्याकडं अलग हाय.”

 मोहिनीची नजर सिस्टरांच्या गळ्याकडे गेली. “राग नका मानू सिस्टर. पण माणूस मारायचा खांब गळ्यात कावून घालायचा?”

सिस्टर हसल्या. “सुरुवातीचे ख्रिस्ती लोकही हे काढत नव्हते. दोनतीनशे वर्षं त्यांनी हे चिन्ह फारसं कुठं कोरलं नाही. डोळ्यांसमोर रोज माणसं टांगलेली दिसत असतील, तर कोण कोरील? नंतर घालायला लागले. आमचं म्हणणं असं, की ज्यानं मारलं त्याच्यापुढं मरणाऱ्याची हार झाली नाही. म्हणून मिरवायचं.” घाट्यांची परात बाजूला सारून त्या उठल्या. “पण तुम्हाला माझं म्हणणं जोडता यायचं नाही. पुस्तक पाहिजे ना?”

आतल्या खोलीत लोखंडी पेटी होती. वरच्या गोधड्या काढल्या, मग वह्या, मग तळाशी चार जाडजूड ग्रंथ निघाले. दोन इंग्रजी, एक गीतांचा, आणि एक मराठी शब्दकोश, कडा उंदरांनी खाल्लेला. अंजूने हात पुढे केला, पण मोहिनीने कोश आधीच उचलला होता.

“मी उलटते,” ती म्हणाली. अंजूने हात मागे घेतला.

सिस्टर पाणी आणायला गेल्या. अंजू मुद्दाम खिडकीशी जाऊन उभी राहिली. तिथून पान दिसत नव्हतं, पानांचा आवाज तेवढा येत होता. ती मनात अक्षरं मोजत होती: क, का, कु, को, मग क्र. आवाज मंद झाला. मग थांबला. बराच वेळ थांबलेलाच राहिला. अंजूने मान वळवली नाही. तिला ओरडून विचारावंसं वाटत होतं, आणि तिने खिडकीचा गज घट्ट धरला. बाहेर गल्लीत कुणीतरी दवाखान्याचा रस्ता विचारत होतं.

“सापडलं,” मोहिनी म्हणाली.

आवाज एवढा सपाट होता की काय सापडलं ते कळेना. अंजू जवळ आली. मोहिनीचं बोट ओळीखाली होतं. क्रूस, पुल्लिंगी, ख्रिस्ती लोकांचे पूज्य चिन्ह. आणि शेवटी कंसात एक अक्षर आणि एक शब्द: पो. क्रूझ.

 अंजूला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण तो मोहिनीच्या समोर दाखवता येण्यासारखा नव्हता. तिने फोन काढला, पानाचा फोटो घेतला, मुखपृष्ठाचा घेतला आणि कोश मिटायला लागली.

“थांब,” मोहिनी म्हणाली. “पो. म्हणजे पोर्तुगीज, हे कुठं लिहिलंय?”

“कळतंच की.”

“तुला कळतंय. त्या ऑफिसात बसलेल्याला न्हाई कळलं तर? पो. म्हणजे पोथी म्हणून मोकळा होईल.” तिने कोश स्वतःकडे ओढला, सुरुवातीची पानं एकेक करून काळजीपूर्वक सुटी केली, कारण ती चिकटलेली होती, आणि संक्षेपांची यादी काढली. पो., पोर्तुगीज. “ह्याचाबी फोटो घे. अन् कोश छापल्याच्या सालाचं पान घे. अर्धवट हरकत घेऊन माझी जागा घालवू नकोस. घालवायची तर नीट घालव.”

अंजूने फोटो घेतले. पान मिटत होतं म्हणून दोन पुसट आले. तिसऱ्या वेळी मोहिनीने पान धरून ठेवलं.

हरकत दवाखान्यासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात भरली. दुकानदाराचं यंत्र पान चढवताना दोनदा अडकलं, सव्वाचार वाजले. सादर केल्याची पोच आली तेव्हा मोहिनीने अजून पाऊण तास आहे असं म्हणून आपली प्रश्नपत्रिका उघडली. तिचे चुकलेले प्रश्न तिने एकेक करून अंजूसमोर ठेवले. ब्याऐंशीवा रक्तगटाचा होता. त्यात काही निघतंय का, तिने विचारलं.

अंजूने प्रश्न दोनदा वाचला. पर्याय वाचले. तिला काहीतरी निघावं असं मनापासून वाटत होतं, इतकं की तिने तिसऱ्यांदा वाचला.

“तालिका बरोबर हाय,” ती म्हणाली.

मोहिनीने पुढचा प्रश्न विचारला. तोही बरोबर होता. त्याच्या पुढचाही. पाच वाजायला पाच मिनिटं असताना तिने कागदांची घडी घातली आणि एसटी गाठायची म्हणून उठली.

सुधारित तालिका तेवीस दिवसांनी आली. सदतिसाव्या प्रश्नासमोर पर्याय बदललेला होता आणि खाली एका ओळीत लिहिलं होतं की हरकत मान्य. गटावर आधी शिव्या पडल्या, कारण गाईड पाठ केलेल्या सगळ्यांचेच दोन गुण गेले होते. हे कुणी उद्योग केले म्हणून विचारणा झाली. अंजूने आपलं नाव लिहिलं. त्याखाली मोहिनीने लिहिलं की पान मी शोधलं, काय म्हणायचंय ते मला म्हणा. मग गट शांत झाला.

निवड यादीत अंजूचं नाव आलं. मोहिनीचं प्रतीक्षा यादीत पहिलं. आप्पारावाने पेढे वाटले, पण सिदूच्या घरी पाठवायचे की नाही यावर तो दिवसभर अडला. शेवटी स्वतःच घेऊन गेला. सिदूने ते घेतले आणि दोघं कळपाबद्दल बोलत बसले, असं त्याने घरी येऊन सांगितलं. मोहिनी बाहेर आली नव्हती. पुढचे आठ दिवसही ती दिसली नाही. अंजूने दोनदा फोन लावला, दोन्ही वेळा तो वाजून वाजून बंद झाला.

नवव्या दिवशी दुपारी मोहिनी कळपाच्या ठिकाणी चालत आली. हातात एका नव्या भरतीची जाहिरात होती आणि काखेत तेच गाईड. अंजू काय बोलावं याचा विचार करत असतानाच ती सावलीत मांडी घालून बसली.

“परीक्षेत तू पाठ केलं नव्हतं. तरी काढलंस,” ती म्हणाली. “कसं काढलंस ते शिकव. क्रॉस अन् क्रूसचं सांगितलंस तसं.”

“तू रुजू व्हायच्या आधी किती दिवस हायत?” असंही तिने विचारलं, आणि अंजूने बारा म्हणून सांगितल्यावर तिने गाईडाची परकीय शब्दांची यादी उघडली. एकशे चाळीस शब्द होते. रोज बारा तपासले तर तेवढे दिवस पुरतील, असा हिशेब अंजूने तोंडीच केला. जे कोशात बघावे लागतील त्यांच्यासाठी रविवारी सिस्टरांकडे जायचं ठरलं.

मोहिनीने पेन्सिल काढली, पहिल्या शब्दाखाली रेघ मारली आणि हे खरं कशावरून, असं विचारलं.